फायब्रस म्हणजे मी

मी, एका इंग्रजी शब्दाचा अर्थ, स्वतः बोलतोय.

हसू नका. शब्दाचा अर्थ पुस्तकात असतो, फळ्यावर असतो, फार तर शिकवणाऱ्याच्या तोंडी असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण मी भिंतीवर आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी एक शाळा आहे, तिथल्या सहावीच्या वर्गात, खिडकीजवळच्या खिळ्याला मी टांगलेला आहे. माझ्या डोक्यावर पुठ्ठ्याचा एक तुकडा लावलाय. त्यावर इंग्रजी अक्षरांत एक शब्द आणि त्याखाली आपल्या लिपीत त्याचा उच्चार लिहिलाय, फायब्रस. अर्थ मात्र कुठेही लिहिलेला नाही, कारण तो मीच.

दिसायला मी काही देखणा नाही. माझं वरचं टोक म्हणजे वाळून तपकिरी झालेली केळीच्या खोडाची पट्टी. खालचं टोक म्हणजे पांढरे, चमकदार, लांब धागे. मध्ये कुठेतरी पट्टी संपते आणि धागे सुरू होतात. नेमकं कुठे, ते अजून कुणालाच बोट ठेवून दाखवता आलेलं नाही. असा अर्धामुर्धा मी कसा झालो, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म सावद्याचा. चुडामण नानांच्या केळीच्या बागेत, विहिरीकडून येणाऱ्या पाटाच्या कडेला जी ओळ आहे, त्या ओळीत मी वाढलो. आम्हाला लोक खोड म्हणतात, पण आमच्यात लाकडाचा कणही नसतो. एकावर एक घट्ट गुंडाळलेले थर असतात नुसते. त्या थरांना आमच्याकडे सोपटं म्हणतात. सोपटात पाणी भरलेलं, आणि त्या पाण्यात उभे धागे दडलेले. केळीला ते धागे वाऱ्यात उभं राहण्यासाठी लागतात. माणसांना ते कधी लागलेच नाहीत. माणसांना हवा असतो घड.

केळीचं झाड एकदाच घड देतं. घड कापला की त्या खोडाचं काम संपलं. पण आमच्या भागात घड गेल्यावर खोड लगेच कापत नाहीत. त्याच्या पायाशी नवं पील, म्हणजे पुढचं कोवळं झाड, आलेलं असतं. म्हाताऱ्या खोडातलं पाणी, सत्त्व हळूहळू त्या पिलात उतरतं, म्हणून खोडाला सुकेपर्यंत उभंच ठेवायचं. सगळ्या सावद्यात हीच रीत. नानांचे वडील तसंच करायचे, नानाही तसंच करत आले. खोड पुरतं वाळून वाकलं की मग त्याला आडवं करायचं आणि बांधावर फेकून द्यायचं. माझ्यापुढेही तेच होतं.

ते चुकलं, त्याला कारण मंदाबाई.

मंदाबाई सावद्यातच विहाराच्या मागच्या गल्लीत राहतात. चेहरा हसरा, आवाज मोठा, आणि साडीवर कायम केळीच्या चिकाचे काळपट डाग. हे डाग कशानेच जात नाहीत, म्हणून त्यांनी कामाच्या दोन साड्या वेगळ्याच ठेवल्यात. आधी त्या केळी धुण्याच्या कामावर जायच्या. दिवसभर पाण्यात उभं राहून पायांना चिखल्या झाल्या. बोटांच्या बेचक्या सोलून निघाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, बाई, पाण्यातलं काम सोडा. पण मग दुसरं करायचं काय? मुलगा बुद्धभूषण जळगावला कंपनीत लागलेला, सून वृषाली शाळेत शिकवायला. घर चालत होतं. पण मंदाबाईंना रिकामं बसणं जमेना.

अशात धुळ्याच्या रत्नाताईंची ओळख निघाली. रत्नाताईंचा तिथे हातमागाचा छोटा कारखाना आहे. त्या केळीच्या धाग्याच्या चटया आणि पिशव्या विणतात. त्यांनी सोपटातून धागा काढायचं एक मशीन मंदाबाईंच्या शेडमध्ये आणून बसवलं. सोबत गल्लीतल्या आणखी तीन बाया आल्या. मशीनमध्ये एक ढोल फिरतो, त्यावर बोथट पाती असतात. सोपटाची पट्टी एका टोकाला घट्ट धरून आत घालायची की पाणी आणि गर खरवडून जातो, धागे तेवढे उरतात. मग पट्टी उलटी करायची, धाग्यांचं टोक हाताला गुंडाळायचं आणि धरलेलं टोक आत घालायचं. हात जपायचा, पट्टी सोडायची नाही.

गल्लीतली पोरं त्या मशीनला मंदाबाईचं मशीन म्हणू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या वस्तूच्या मागे त्यांचं नाव लागलं होतं.

पण पहिलाच माल धुळ्याला गेला आणि दोन दिवसांत सगळ्या मालाची तक्रार घेऊन रत्नाताईंचा फोन आला.

"बठ्ठा माल काळा शे, मंदाताई. हात लावताच तुटस. याचं मी काय विणू?"

"ताई, एक डाव आजून द्या. मह्या ध्यानात आलं काय चुकलं ते."

"दिवाळीनंतर बघू. तोपर्यंत चांगला माल निघाला तर ठीक, नाही तर मशीन चाळीसगावला द्यावं लागेल. तिथल्या बाया माझ्यामागे लागल्यात."

चूक मंदाबाईंची नव्हती, आणि मशीनचीही नव्हती. चूक होती शिळ्या खोडाची. धागा पांढरा आणि मजबूत हवा तर घड उतरला की लगेच खोड मशीनवर यायला हवं. आणि त्यांना मिळत होती ती बांधावर फेकलेली, पाणी सुकलेली खोडं. सगळं सावदा केळीने भरलेलं, आणि ताजं खोड मात्र कुठेच मिळेना.

एका सकाळी मंदाबाई नानांच्या बागेत आल्या. मी तेव्हा माझ्या ओळीत घड डोक्यावर घेऊन उभा होतो. सगळं बोलणं मी ऐकलं.

"नाना, घड कापला का ते खोड मले द्या. वाळाची वाट नका पाहू."

नाना पाटाच्या कडेला बसून बिडी विझवत होते. "मंदा, तू काय बोलून राह्यली? पील खाली पितंय अन् मी वरून मायले कापू?"

"पिलाले त्याची मुळं हायेत ना नाना."

"तुह्या बुद्ध्याले दात आले तवा तू त्याले लगेच घराबाहेर काढलं काय?"

नानांचं चूक नव्हतं, ही खरी अडचण होती. मंदाबाई जायला वळल्या, आणि तिथेच थबकल्या.

माझ्यापासून चार झाडं पलीकडे एक केळ मागच्या वाऱ्यात कमरेतून मोडली होती. घड त्याआधीच उतरवलेला होता, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. अर्धं खोड उभं होतं, वरचं अर्धं कुजून खाली गेलं होतं. आणि त्या अर्ध्या खोडाच्या पायाशी पील तरारून वर आलेलं होतं.

"नाना, इकडी या."

"आता काय?"

"या त खरं. हिले कोनं कापलं?"

"वाऱ्यानं."

"अन् पिलू पहा."

नाना उठले. पिलाभोवती फिरले. त्याचं एक पान हातात घेऊन चोळलं, जणू कापड घेताना पोत बघतात तसं. मग म्हणाले, "एका पिलावरून काय ठरते?"

"मंग ठरवू ना. एक ओळ द्या मले."

नानांनी काठीने पाटाकडच्या ओळीकडे दाखवलं. माझ्या ओळीकडे.

"ही घे. पण ऐक. कमरेइतकं खोड खाली उभं राहीन, ते पिलाचं. वरचं तुह्यं. अन् पिलं मांगं राहिली, त मंग मह्या बागेत खोडाले हात लावायचा नही. कबूल?"

"कबूल, नाना."

"अन् मले डोळे पुसत येशीन नको मंग."

"मी कायले रडतीन? मी त आत्ताच हसून राह्यली."

असा सौदा झाला. केळीचे घड एकदम भरत नाहीत. ज्याचा घड तयार होईल तो उतरतो. म्हणून माझ्या ओळीतली खोडं एकामागून एक जाऊ लागली. घड उतरला की मंदाबाई विळा घेऊन यायच्या, कमरेवर मोजून खोड कापायच्या, आणि जाताना उरलेल्या खोडाच्या पायाशी वाकून पिलाला ओंजळभर माती सारून द्यायच्या. शेडमध्ये सावलीत दोऱ्या बांधल्या होत्या. त्यावर माझे भाऊबंद वाळू लागले. पांढरेशुभ्र. पण पिलांचं काय होतंय ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. मंदाबाई रोज सकाळी बागेत चक्कर टाकायच्या, बाजूच्या ओळीतली पिलं आणि आपल्या ओळीतली पिलं बघायच्या, आणि काहीच न कळून परत जायच्या. नुकतं उगवलेलं पील रोज बघितलं तर वाढलेलं दिसतच नाही.

याच दिवसांत तिकडे शाळेत एक वेगळीच गोष्ट घडत होती. ती मला नंतर वर्गात ऐकायला मिळाली, पण तिची जागा इथेच आहे.

वृषाली मूळच्या चाळीसगावच्या. रोज सकाळच्या एसटीने सातपुड्याकडच्या त्या शाळेत जातात आणि मुलांना इंग्रजी शिकवतात. धड्यात शब्द आला, फायब्रस. धडा झाडांच्या मुळांबद्दल होता. वृषालीताईंनी फळ्यावर लिहिलं, फायब्रस म्हणजे तंतुमय. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

"आता सांगा, तंतुमय म्हणजे काय?"

बादल नावाच्या मुलाने प्रामाणिकपणे हात वर केला. "फायब्रस, मॅडम."

सगळे हसले. वृषालीताईही हसल्या, पण त्यांना ते लागलं. घरी येऊन स्वयंपाक करताना त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "आई, एका न कळणाऱ्या शब्दाच्या जागी मी दुसरा न कळणारा शब्द दिला. मुलांच्या हातात काहीच पडलं नाही."

मंदाबाई शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. शेंगेची साल ओढली की तिला धागे लोंबतात, तसे लोंबत होते. "काय शब्द होता तो?"

"फायब्रस. म्हणजे... हेच, आई! तुमच्या हातात आहे ते. आतून धागे धागे असलेलं."

"मंग ही शेंगच घेऊन जाय ना."

"नेते. पण शेंग दोन दिवसांत वाळेल. मला असं काहीतरी हवंय जे भिंतीवर राहील. आत काय आहे ते बाहेरून दिसेल असं."

मंदाबाई म्हणाल्या, "मशीनचं काय होते ते पाहू दे आधी. मंग तुले धाग्याची लड देते." आणि शेंगा परातीत टाकल्या. त्यांचं चित्त त्या वेळी शेंगांत नव्हतं, बागेत होतं.

ओळीतला शेवटचा घड माझा निघाला. दिवाळी होऊन गेली होती, सकाळी हवेत गारवा आला होता. विळा लागला तेव्हा मला दुखलं नाही, नुसतं हलकं वाटलं. शेडमध्ये माझी सोपटं एकेक करून सुटी झाली. मी त्यातलं आतलं, म्हणजे मऊ धाग्याचं सोपट. मंदाबाईंनी मला धरून अर्धं मशीनमध्ये घातलं. पाती अंगावरून गेली, पाणी उडालं, गर निघून गेला, आणि आयुष्यात प्रथमच माझे धागे उजेडात आले. आता मला उलटं करून दुसरं टोक घालायचं, तेवढ्यात शेडच्या दारात मोटारसायकल थांबली.

चुडामण नाना होते. ते शेडमध्ये कधी आले नव्हते.

"मंदा, बंद कर ते. चाल बागेत."

"काय झालं नाना?"

"चाल तू. मी पुढं होतो."

नानांचा चेहरा आनंदात आणि दुःखात सारखाच असतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. मंदाबाईंनी मशीनचं बटण बंद केलं, पदर खोचला आणि चालू लागल्या. चालू काय, पळतच सुटल्या. आणि घाईत मला हातातून खाली ठेवायचं राहूनच गेलं.

असा मी, अर्ध्या अंगाने पट्टी आणि अर्ध्या अंगाने धागे, त्यांच्या मुठीत लोंबकळत सावद्याच्या रस्त्याने निघालो. चहाच्या टपरीवर भिकन बसला होता, घड कापायच्या टोळीतला. तो ओरडला, "मंदाबाई, ही घोड्याची शेपटी कुठी घेऊन चालल्या?"

एरवी त्यांनी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी त्यांनी ऐकलंसुद्धा नाही.

बागेत नाना पाटाच्या कडेला काठी टेकून उभे होते. "ही तुही ओळ. अन् ती माही. पाह्य."

मंदाबाईंना धाप लागली होती. त्यांनी माझ्या ओळीतलं, सर्वांत आधी कापलेल्या खोडाचं पील बघितलं. मग शेजारच्या ओळीतलं. मग पुन्हा आपलं.

"सारखीच हायेत, नाना." आवाजात भीती होती, की नाना आता काहीतरी खोट काढतील.

"सारखी? नीट पाह्य की."

त्यांनी नीट पाहिलं. नानांच्या ओळीत उंच जुन्या खोडांची वाळकी पानं पिलांवर छत्रीसारखी वाकली होती. इकडे वरचं खोड गेल्यामुळे ऊन थेट खाली उतरत होतं. तिथे पिलांची नवी पानं उलगडली होती, रुंद, पोपटी, वाऱ्यावर फडफडणारी. नानांच्या पिलांची पानं अजून सुरळीसारखी मिटलेलीच होती.

"उजेड भेटला त्याइले," नाना म्हणाले. "खालून मायचं पाणी, वरून ऊन. माह्या बापाच्याही ध्यानात नही आलं ते, अन् माह्याही." थोडं थांबून म्हणाले, "बाकीच्या ओळी घे. पण कमरेखाली हात नही."

"नही नाना."

"अन् हे काय हातात? पिलं मेली असती त मले मारणार होती काय याच्यानं?"

मंदाबाईंनी मुठीकडे पाहिलं. तेव्हा त्यांना कळलं की मी त्यांच्या हातात आहे. त्या हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"मी सांगलं होतं ना डोळे पुसत येशीन नको म्हणून," नाना म्हणाले, आणि बिडी शोधायला दुसरीकडे वळले.

मी मात्र त्या धावपळीत वाळलो. सोपटाचं टोक ओलं असेपर्यंतच त्यातून धागा निघतो, एकदा वाळलं की गर धाग्याला धरून बसतो. मंदाबाईंनी दुसऱ्या दिवशी मला मशीनवर न्यायचा प्रयत्न केला, पण मी ताठ झालो होतो. "तुह्यं राहिलंच," त्या मला म्हणाल्या, आणि बाजूला टाकलं.

रत्नाताई स्वतःच टेम्पो घेऊन धुळ्याहून आल्या. शेडमध्ये शिरल्या, दोरीवरची एक लड हातात घेतली, बोटांतून ओढली, एक धागा वेगळा करून ताणला, दातात धरला. तुटला नाही.

"आते कसं!" त्या म्हणाल्या. "बठ्ठा माल एकसारखा शे."

"मंग मशीन?"

"मशीन आठेच राही. चाळीसगाववाल्यांना दुसरं बघून देईन मी. तुम्ही एवढा माल काढाल तर मलाच अजून एक माग टाकावा लागेल."

चारी बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मंदाबाईंनी मशीनवर साचलेला गर हाताने पुसून काढला. जाता जाता रत्नाताईंची नजर कोपऱ्यात पडलेल्या माझ्याकडे गेली.

"हाऊ कोन, दाढीवाला बाबा?"

सगळ्या हसल्या. माझे भाऊबंद टेम्पोत चढून धुळ्याला गेले, आणि मी मागे राहिलो. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. आपण ना खोडात राहिलो, ना धाग्यात गेलो. मंदाबाईंनी मला घरी नेलं, कोथिंबिरीची जुडी बांधायला होईल म्हणून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं, आणि विसरून गेल्या.

संध्याकाळी वृषालीताई एसटीने आल्या. पाणी प्यायला आत गेल्या आणि माठापाशी तशाच उभ्या राहिल्या.

"आई, हे काय आहे?"

"ते होय? ते राहून गेलं. तुह्यासाठी चांगली लड ठेवली हाये मी, पांढरीशुभ्र. देते थांब."

"नको, लड नको. लड दाखवली तर मुलांना वाटेल की धागा म्हणजे फायब्रस. धागा तो नुसता फायबर. ज्याच्या अंगात धागे आहेत, ते फायब्रस." त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, वरच्या पट्टीवरून बोट खाली खाली नेलं, धाग्यांपर्यंत. "हे बघा. इथे झाकलेलं आहे, इथे उघडं आहे. आई, हेच मला हवं होतं."

"अगं, पण ते बिघडलेलं हाये."

"असू द्या."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आलो. वृषालीताईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही. मला मुलांच्या हातात दिलं. मी बाकाबाकांवरून फिरलो. कुणी वास घेतला, कुणी पट्टी नखाने खरवडली आणि आतून धागा निघाला तेव्हा ओरडलं. दिवल्या नावाच्या मुलाने एक धागा ओढून आपल्या बोटाला गुंडाळला. तो अजून त्याच्या कंपासपेटीत आहे.

मग सुरू झालं.

"मॅडम, ऊस फायब्रस?"

"हो."

"आलं?"

"जुनं असेल तर हो."

"पळसाचं मूळ? आमचे आबा त्याच्या दोऱ्या वळतात."

"अगदी बरोबर! उद्या आणशील?"

"मॅडम, माझ्या आजीचे केस फायब्रस?" हा बादल. वर्ग फुटला हसून.

"केसांना सहसा तसं म्हणत नाहीत. आणि आजीला तर नकोच म्हणू."

"कापूस?"

इथे वृषालीताई अडल्या. म्हणाल्या, "मला वाटतं नाही. कापूस म्हणजे नुसताच धागा. पण मी घरी बघून सांगते." आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येताच त्यांनी आधी तेच सांगितलं, "कापसालाही म्हणतात. काल माझं चुकलं. अंगात धागे असलेलं किंवा सगळं धाग्यांचंच बनलेलं, दोन्ही फायब्रस." मला ते फार आवडलं.

पण सगळ्यांत चांगला प्रश्न विचारला मोनालीने. ती बोलते कमी आणि बघते जास्त. "मॅडम, कुणाला फायब्रस म्हटलं तर ते चांगलं की वाईट?"

वृषालीताई टेबलाला टेकल्या. "जून गवार फायब्रस निघाली की माझी भाजी वाया जाते, तेव्हा वाईट. आंब्याच्या रेषा दातात अडकल्या, तेव्हाही वाईट. डॉक्टर म्हणतात, तंतुमय अन्न खा, पोटाला बरं असतं. तेव्हा चांगलं. आणि माझ्या सासूबाई खोडात दुसरं काही शोधतच नाहीत. शब्द तोच, मोनाली. तो कशाजवळ उभा आहे ते बघायचं."

खिळ्याला टांगल्यावर मी यावर खूप विचार केला. घडात एक रेष जरी लागली तरी केळ्याला नावं ठेवतात. तीच रेष खोडात असली तर रत्नाताई ती दातात धरून बघतात. मी तोच आहे. बांधावर पडलो असतो तर कचरा झालो असतो. इथे भिंतीवर अर्थ आहे.

सव्वीस जानेवारीला शाळेत कार्यक्रम होता. झेंडा झाला, कवायत झाली, आणि वर्गाच्या दारात मंदाबाई दिसल्या. धुतलेल्या चांगल्या साडीत, चिकाचा एकही डाग नसलेल्या. काखेत एक गुंडाळी होती. रत्नाताईंनी पहिली विणलेली चटई त्यांना भेट पाठवली होती आणि त्यांनी ती वर्गाला आणली होती. जमिनीवर उलगडली तेव्हा मी बघतच राहिलो. माझ्या ओळीतले सगळे तिथे होते, एकमेकांत गुंतलेले, ताठ आणि चकचकीत. माझ्यासारखं अर्धं कुणी नव्हतं. तरी मला या वेळी वाईट वाटलं नाही.

वृषालीताई मुलांना खाऊ वाटण्यात होत्या. मोनालीला या पाहुण्या बाई कोण ते माहीत नव्हतं. तिने मंदाबाईंचा हात धरला आणि त्यांना माझ्यापाशी आणलं.

"आजी, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"नही व माय. लई थोडं."

"मग मी शिकवते. हा शब्द आहे फायब्रस. इथे हात लावा."

मंदाबाईंनी माझ्या पट्टीला हात लावला. तोच हात, ज्याच्या मुठीत मी सावद्याच्या रस्त्याने पळालो होतो.

"इथे काही दिसत नाही ना? आता हात खाली आणा. हळू. बघा, आलं ना बाहेर? हे आधीपासून आतच होतं. म्हणून याला फायब्रस म्हणतात. आणि आजी, याला कुणीतरी मुद्दाम अर्धंच ठेवलंय, आम्हाला कळावं म्हणून."

मंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मोनालीकडे. त्यांच्या ओठांवर हसू आलं, पण त्यांनी काही सांगितलं नाही.

"लई हुशार बाई असंन ती," त्या म्हणाल्या. "मंग? पुढं सांग. आजून कशाले म्हणतात?"

आणि मोनालीने बोटं मोजत सुरू केलं, ऊस, आलं, पळसाचं मूळ, कापूस.

आता इथेच आहे मी. खिडकीतून उन्हं येतात तेव्हा माझे धागे चमकतात, मुलं येताजाता एकदा हात लावून जातात. रोज थोडा विरतोय. त्याचं मला काही वाटत नाही, तेवढाच मी त्यांच्या बोटांना लागून घरोघरी जातो. तुम्ही कधी सावद्याकडे आलात आणि बांधावर एखादं केळीचं खोड पडलेलं दिसलं, तर नुसतं ओलांडून जाऊ नका. वाका, नखाने जरा खरवडून बघा. आणि नानांच्या बागेत गेलात, तर कमरेखाली हात लावू नका. ते पिलाचं आहे.